वाटांचे चित्रदप्तर

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतच्या फलाटाला येऊन लागली, की उतारूंचा एक जथा वड्यांच्या दिशेने धावतो, आणि नेमक्या त्याच वेळी गाडीच्या शेपटाकडे, जिकडे सहसा कोणी पाहत नाही अशा बाजूला, एकमेकांना जोडलेली दोन-तीन एंजिने झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने सावकाश येऊन शेवटच्या डब्याला टेकतात. डब्याला एक बारीकसा हिसका बसतो, हातातला चहा किंचित हिंदकळतो, मागून एक शिट्टी होते, पुढून तिला उत्तर मिळते, आणि मग पुढचे एंजिन ओढणार व मागची ढकलणार अशा जोडीने ती जड गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला पोहोचते. या मागच्या एंजिनांना इथली माणसे ‘बँकर’ म्हणतात. कर्जत हे गाव रेल्वेच्या नकाशावर ज्या एका कारणासाठी मोठे झाले ते हे, की घाटाच्या पायथ्याशी गाडीला मागून हात लावणारे कोणीतरी लागते. आणि तरीही गाडीचे छायाचित्र घेणारा मनुष्य बहुधा तिच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो, शेपटाशी राहत नाही. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील वाटा, पूल, बोगदे आणि वाहने यांची जी काही छायाचित्रे गेल्या पावणेदोनशे वर्षांत निघाली आणि जी निघावयास हवी होती पण निघाली नाहीत, त्यांविषयी लिहावयास बसलो असता हीच गोष्ट पुन्हा पुन्हा मनापुढे येते.

या मुलखाची वाट फार जुनी आहे. राजमाचीच्या पोटाशी असलेली कोंडाण्याची बौद्ध लेणी ख्रिस्तपूर्व काळातील असून, कोकणातून घाटावर जाणाऱ्या व्यापारी तांड्यांना विसावा देण्यासाठीच अशी लेणी वाटांच्या काठाने कोरली गेली, असे अभ्यासकांचे मत आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेची जी दाणादाण उडविली, तिचे मूळही वाटेतच आहे. कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरलेल्या त्या अवजड फौजेला पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना, एवढी ती वाट चिंचोळी होती. पुढे पेशवाईत नाना फडणविसांनी खोपोलीस तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधविले. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर माणसाला आणि बैलाला पाणी मिळावे, हा त्यातला व्यवहार. आणि तो इतका चोख होता, की पुढे इंग्रज प्रवाशांच्या वाटखुणांच्या पुस्तकांतही त्या तलावाची नोंद झाली. दुसऱ्या मराठा युद्धाच्या सुमारास आर्थर वेलस्लीने लष्कराच्या सोयीसाठी घाटरस्त्याची डागडुजी केली, आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत चाकाची गाडी घाटातून थेट वर जाऊ शकेल असा पक्का रस्ता तयार होऊन तो नोव्हेंबर १८३० मध्ये खुला झाला. तोपर्यंत ज्या घाटातून वंजाऱ्यांचे लमाण बैल पाठीवर गोण्या घेऊन चढत होते, तेथून आता बैलगाड्या जकातीच्या नाक्यावर पैसे भरून जाऊ लागल्या.

त्याच रस्त्यासाठी घाटात एक दगडी कमानींचा पूल बांधला गेला. या पुलाचे नशीब मोठे विलक्षण. तो बांधला गेला तेव्हा छायाचित्र ही वस्तू जगापुढे आलीच नव्हती, कारण दागेरने आपला छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये जाहीर केला तो १८३९ साली. म्हणजे पूल छायाचित्रापेक्षा नऊ वर्षांनी वडील. त्याच्या जन्माचे चित्र नाही, आणि त्याच्या अंताची मात्र इतकी चित्रे निघाली की मोजता येणार नाहीत. त्या अंताकडे पुढे यावयाचे आहे.

रेल्वे या भागात आली ती खोपोलीपर्यंत. मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, पुढल्या वर्षी ती कल्याणला पोहोचली, आणि १२ मे १८५६ रोजी नेरळ, कर्जत, पळसदरीवरून खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मधला घाट मात्र अजून फोडावयाचा होता. त्यामुळे पुढली जवळजवळ पाच वर्षे मुंबई-पुणे प्रवासाची एक चमत्कारिक रीत होऊन बसली. खोपोलीस गाडीतून उतरावे, ऐपतीप्रमाणे पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करावी, घाट चढून खंडाळ्यास यावे आणि तेथे पुन्हा आगगाडीत बसावे. एका दिवसाच्या प्रवासात माणसाने दोन युगे ओलांडावीत असा तो काळ होता. खोपोलीच्या त्या स्थानकाबाहेर पालख्यांचे भोई, तट्टूवाले, गाडीवान, ओझेवाले आणि उतारू यांची जी गर्दी उडत असेल, तिचे एक जरी छायाचित्र कोणी घेऊन ठेवले असते, तरी पानेच्या पाने लिहून जे समजावता येत नाही ते एका नजरेत समजले असते. १८६३ मध्ये घाटातून सरळ गाडी सुरू झाली आणि खोपोली हे मुक्कामाचे गाव एकदम फाट्याचे गाव झाले. आज कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत जी लोकल खोपोलीला जाते, तिच्यात बसलेल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल, की एके काळी मुंबईच्या लोहमार्गाचे या दिशेचे शेवटचे टोक हेच होते.

आता घाट फोडण्याच्या कामाकडे वळतो, कारण छायाचित्रांच्या दृष्टीने या प्रदेशाचे खरे धन त्या कामातच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेला हा मार्ग जवळजवळ १६ मैलांचा. तेवढ्यात १,८३१ फूट चढण, तीही काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतकी खडी. वाटेत २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल. पहिला मक्तेदार फॅव्हिएल याच्या अमदानीत पोटमक्तेदारांकडून मजुरी थकू लागली, आणि १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी उठाव केला. त्याच वर्षी फॅव्हिएलने मक्ता सोडला. तो घेण्यासाठी सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज मक्तेदार सहकुटुंब हिंदुस्थानात आला, आणि येथे पाऊल ठेवल्यावर काही दिवसांतच आजाराने मरण पावला. परक्या देशात विधवा झालेल्या अ‍ॅलिस ट्रेडवेल या त्याच्या पत्नीने पुढल्या बोटीने मायदेशी परत जाण्याऐवजी तो मक्ता स्वतःच्या अंगावर घेतला आणि अ‍ॅडमसन व क्लाऊझर या दोन व्यवस्थापकांच्या हातून काम तडीस नेले. १८६१ च्या आरंभी या घाटात एका वेळी ४२,००० माणसे राबत होती, असा आकडा मिळतो. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्ते मार्ग खुला झाला, तेव्हा बर्कली हयात नव्हता. आदल्या वर्षीच ऑगस्टमध्ये तो वारला होता.

या अ‍ॅलिसबाईंनी घाटाच्या कामाची छायाचित्रे काढली. त्यांचा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. खणून काढलेले डोंगराचे कडे, अर्धे उभे राहिलेले पुलाचे खांब आणि दिशा बदलण्याचे स्थानक, असा त्यांचा विषय. मुंबईत त्या वेळी छायाचित्रणाची हौस चांगलीच रुजली होती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यात अग्रभागी होते. पण शहरातल्या दालनात बसून चित्र घेणे निराळे आणि घाटात घेणे निराळे. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेच्या तावदानावर कलोडियनचा चिकट लेप द्यावा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी, आणि लेप वाळण्यापूर्वी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, काळ्या तंबूत नेऊन धुवावी, असा सारा खटाटोप असे. कोकणातल्या उन्हात तो लेप किती लवकर सुकत असेल, तंबूच्या आत जीव किती घुसमटत असेल आणि स्वच्छ पाणी डोक्यावरून वाहून वर आणणाऱ्यांचे काय होत असेल, याची कल्पना चैत्र-वैशाखात पळसदरीच्या वरची एखादी टेकडी चढून गेलेल्याला सहज करता येईल.

या पद्धतीचा एक गुण आणि एक अवगुण आज आपल्या कामाचा आहे. गुण असा, की त्या काचेवर दगडाचा दाणान् दाणा उमटे. अवगुण असा, की चित्र उमटायला काही सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात जे हलले ते पुसले जाई. स्थिर उभा असलेला साहेब चित्रात येतो. पाटी घेऊन चाललेली बाई धुराच्या रेघेसारखी उरते, किंवा मुळीच उरत नाही. म्हणजे ज्या कामावर एके काळी ४२,००० माणसे होती, त्या कामाच्या चित्रात जो काम थांबवून उभा राहिला तोच टिकला आणि जो काम करीत होता तो निघून गेला. यात अ‍ॅलिसबाईंचा दोष आहे असे मला वाटत नाही. तो रसायनाचा धर्म होता, आणि त्यांनी एवढे कष्ट घेतले नसते तर आपल्यापाशी तेही नसते. पण वडार, पाथरवट, बेलदार आणि देशावरून दुष्काळ व दारिद्र्य यांमुळे पोट भरायला आलेली असंख्य बिगारी माणसे त्या घाटात पटकीने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून मेली. त्यांची नावे कोणत्याही हजेरीपटातून आपल्यापर्यंत आली नाहीत आणि त्यांचे चेहरे कोणत्याही काचेवर उमटले नाहीत, ही गोष्ट ती चित्रे पाहताना विसरता कामा नये.

शिंग्रोबाची कथा मला याच कारणाने महत्त्वाची वाटते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, खोपोलीहून घाट चढू लागले की शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटातून मार्ग कोठून काढावा हे साहेबाला उमजेना, तेव्हा गुरे-मेंढरे घेऊन डोंगर तुडवणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराने वाट दाखविली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी ती आख्यायिका आहे. ती दप्तरात सापडत नाही, पण म्हणून मी ती बाजूला सारणार नाही. ज्या लोकांचे चित्र निघाले नाही, त्यांनी आपली आठवण देवळाच्या रूपाने उभी केली, एवढा तिचा अर्थ माझ्यापुरता पुरेसा आहे. ट्रकवाले आणि गाडीवाले आजही तेथून जाताना नाणे टाकतात. कोणत्याही अभियंत्याच्या संगमरवरी पाटीला एवढा मान मिळत नाही.

दिशा बदलण्याच्या स्थानकाचा उल्लेख वर आला. खंडाळ्याच्या खाली डोंगराची एक अशी सोंड आहे की तेथे गाडीला वळण घेण्यास जागाच नव्हती. म्हणून गाडीने सरळ त्या सोंडेवर जावे, थांबावे, एंजिनाने सुटून दुसऱ्या टोकाला लागावे, आणि आलेल्या तोंडाने नव्हे तर उलट्या तोंडाने गाडीने पुढली चढण धरावी, अशी युक्ती बर्कलीने काढली होती. सहा दशकांहून अधिक काळ प्रत्येक गाडी तेथे अशी पाठ फिरवीत असे. विजेच्या गाड्या सुरू करण्याच्या वेळी नवे बोगदे काढून तो वळसा टाळला गेला, आणि १९२९ च्या सुमारास ते स्थानक कायमचे बंद पडले. आज त्या जागी रान आहे. एका पिढीला जे दृश्य रोजचे होते ते पुढच्या पिढीला सांगूनही खरे वाटत नाही; अशा वेळी अ‍ॅलिसबाईंच्या काचा साक्षीला उभ्या राहतात.

कल्याण ते पुणे हा मार्ग १९२९ च्या नोव्हेंबरात विजेवर आला आणि १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. तिच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी थांबत नाही. त्याच वेळी स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधून जी मालगाडीची एंजिने आली, त्यांवर मात्र थांबले पाहिजे. मध्ये चालकाची खोली आणि पुढे-मागे दोन लांब सोंडा, चाकांना जोडणारे जाड दांडे, आणि उभे असतानाही पोटातून येणारा एक कण्हल्यासारखा आवाज; वळणावर ही एंजिने अंग दुमडून जात. परदेशी हौशी लोक त्यांना मगर म्हणत. आपल्या माणसांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले, आणि ज्याने पावसाळ्यात भाताच्या बांधावर खेकडा पाहिला आहे त्याला हे नाव किती चपखल आहे ते सांगावे लागणार नाही. सुमारे साठ वर्षे हे खेकडे मध्य रेल्वेच्या घाटांत राबले. आता एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे. मुले त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतात.

माझ्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत एक छायाचित्र आहे. चार बोटे रुंद, कडा नागमोडी कातरलेल्या, रंग आता चहाच्या डागासारखा झालेला. कर्जतच्या फलाटावर घरातले तिघे पुरुष उभे आहेत. दोघांच्या डोक्यावर काळ्या टोप्या आहेत, तिसरा बोडका आहे, आणि तिघेही श्वास रोखल्यासारखे ताठ आहेत. पाठीमागे एका खेकड्याची सोंड आली आहे आणि तिच्या बाजूवर जी. आय. पी. ही अक्षरे वाचता येतात. छायाचित्राच्या पाठीवर कोणीतरी शाईने फक्त ‘कर्जत’ एवढेच लिहिले आहे. साल नाही, नावे नाहीत. तरी त्या चित्राची उलटतपासणी घेता येते. वर विजेची तार आहे, म्हणजे १९२९ च्या आधीचे ते नाही. जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे झाली ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, आणि नवी अक्षरे रंगवायला थोडा अवधी गेला असेल असे धरले तरी चित्र त्यापुढे फार जात नाही. सावल्या आखूड आहेत, म्हणजे वेळ भर दुपारची. तिघांपैकी एकाच्या हातात फणसाच्या आकाराचे काहीतरी पोत्यात गुंडाळलेले आहे. त्यावरून उन्हाळ्याचा अखेरचा काळ असावा. एवढे सगळे जमवले, पण ते तिघे कोण होते याविषयी घरात दोन मते आहेत, आणि ज्यांना निश्चित ठाऊक होते ती माणसे राहिली नाहीत.

त्या चित्राच्या उजव्या कडेला आणखी एक मनुष्य आहे. म्हणजे अर्धाच आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीने त्याला उभा चिरला आहे. एक खांदा, मुंडाशाचा अर्धा वेढा, दंडावर पितळी बिल्ला. तो हमाल आहे. बिल्ल्यावर आकडा असलाच पाहिजे, पण भिंगातून कितीही पाहिले तरी तो वाचता येत नाही. चित्र काढणाऱ्याने त्याला टाळला असे म्हणावे तर तो आला आहे, आणि घेतला असे म्हणावे तर अर्धा राहिला आहे. मला तो आता त्या तिघांहून अधिक दिसू लागला आहे.

त्या चित्रात वर जी तार दिसते तिच्यातल्या विजेच्या संबंधात या तालुक्यांच्या इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. सह्याद्रीवर साठवलेले पाणी नळांतून खाली सोडून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. १९४२ च्या चळवळीत माथेरानचे तरुण वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभा केला आणि या प्रदेशातील विजेचे मनोरे पाडून मुंबईचे कारखाने व रेल्वे यांचा वीजपुरवठा तोडण्याचे सत्र आरंभले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. रात्रीच्या अंधारात करवतीने कापलेल्या मनोऱ्यांचे छायाचित्र घेणे त्यांच्या बाजूच्या कोणालाही शक्य नव्हते. कर्जतमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते चित्राच्या आधारावाचून.

माथेरानविषयी थोडक्यात. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली वर गेला, आणि सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीने नेरळ-माथेरान ही २ फूट रुंदीची रेल्वे १९०७ साली सुरू झाली. कर्जत तालुक्यात सर्वांत अधिक छायाचित्रे कशाची निघाली असतील, तर या गाडीची आणि वरच्या घोड्यांची. पण माथेरानला मोटारीस मज्जाव असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसाने ओढलेली रिक्षाही शतकाहून अधिक काळ चालत आली. प्रवाशांच्या आल्बमांत ती रिक्षा वारंवार भेटते. बसलेला कॅमेऱ्याकडे पाहून हसतो आणि ओढणारा मान खाली घालून लाल मातीकडे पाहतो. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढण्याच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. आदेश योग्य आहे, आणि पूर्वीच व्हावयास हवा होता. परंतु त्या रिक्षा ज्यांनी आयुष्यभर ओढल्या त्यांच्यापैकी प्रत्येकाचे, समोरून, मान वर केलेले, नावानिशी एक छायाचित्र घेऊन ठेवणे हे माथेरानच्या नागरिकांचे कर्तव्य आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

खालापूर तालुक्याचा कायापालट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने केला. ९४.५ किलोमीटरचा हा मार्ग २००२ साली पुरा झाला, आणि खालापूर हे नाव, जे पूर्वी मामलेदार कचेरीपुरते लोकांच्या तोंडी होते, ते टोलनाक्यामुळे सर्व महाराष्ट्राला ठाऊक झाले. जकातीचा नाका गेला आणि टोलचा नाका आला, इतकेच म्हणून मी हा विषय सोडला असता; परंतु त्या मार्गावर १८३० चा तो कमानींचा पूल होता. कोणे एके काळी त्याच्याजवळ अमृतांजन या वेदनाशामक मलमाची मोठी जाहिरात लावलेली असे, म्हणून तो अमृतांजन पूल. बांधणाऱ्याचे नाव मागे पडले, गव्हर्नराचे मागे पडले, आणि १८९३ साली मुंबईत निघालेल्या एका मलमाचे नाव त्याला चिकटले. घाट चढताना डोकी दुखणाऱ्या कित्येक पिढ्यांना ते पटलेही असावे. द्रुतगती मार्ग त्याच्या कमानींखालून जात असे, आणि त्याच्या खांबांमुळे रस्ता आवळला जाऊन गाड्यांची कोंडी होई. अखेर एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडला असताना, रस्ते विकास महामंडळाने सुरुंग लावून तो पाडला. त्या दिवसांत माणूस घराबाहेर पडू शकत नव्हता. तरी धुळीचा लोट उठून कमानी खाली बसतानाची ती चलचित्रे घरोघरच्या मोबाईलवर पोहोचली. १९० वर्षे उभ्या असलेल्या पुलाला पाहायला शेवटी कोणी जवळ नव्हते, आणि पाहिले मात्र सर्वांनी.

तो पाडल्याचे मला दुःख झाले, हे मी लपवीत नाही. वाहतुकीची अडचण खरी होती. तरी पुलाचे मोजमाप, दगडांची मांडणी आणि कमानींच्या पोटाची जवळून घेतलेली चित्रे यांचा एक पद्धतशीर संच लोकांना पाहता येईल अशा ठिकाणी आधी ठेवला गेला असता, तर पाडण्याच्या निर्णयाला एक प्रकारची सभ्यता आली असती. पडतानाचे चित्र हे उभे असतानाच्या चित्राची जागा घेऊ शकत नाही.

बदल थांबणार नाही आणि थांबावा असेही नाही. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गावर वावर्ले येथे २,६२५ मीटर लांबीचा बोगदा खोदला गेला आहे; घाटरस्त्याला बगल देण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा १३.३ किलोमीटरचा नवा जोडरस्ता दोन बोगदे आणि दरीवरचा ताणलेल्या तारांचा पूल यांसह हाती घेण्यात आला. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’ बँकर न लावताच बोरघाट चढते, आणि त्या गाडीतल्या उतारूला कर्जतचा तो बारीकसा हिसका ठाऊकच होत नाही. स्थानकाबाहेरचे टांगे गेले त्याला बराच काळ लोटला; त्यांच्यामागून आलेल्या मिनीडोर रिक्षाही आता जुन्या वाटू लागल्या. जुन्या मिनीडोरच्या मागल्या फळकुटावर बसून, पाय बाहेर सोडून कशेळ्याच्या किंवा कडावच्या बाजाराला गेलेल्या माणसांकडे त्या प्रवासाचे एखादे तरी चित्र असेल का, असा प्रश्न मी अलीकडे भेटेल त्याला विचारतो. बहुतेक जण आधी हसतात, आणि मग थोडा वेळ गप्प होतात.

आता वाचकांकडे एक मागणे आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत किंवा देव्हाऱ्याच्या खालच्या खणात कर्जत, नेरळ, पळसदरी, चौक, खालापूर, खोपोली इकडचे एखादे जुने छायाचित्र असेल, आणि त्यात मागे गाडी, टांगा, पूल, फलाट किंवा रस्ता आला असेल, तर ते आजच बाहेर काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या शेजारी बसून त्यात कोण कोण आहे ते विचारा. मोबाईलमधल्या चित्रांचेही तसेच करा. मग छापील चित्राच्या पाठीवर, बॉलपेनने नव्हे, कारण त्याची शाई पुढे फुटते, तर मऊ पेन्सिलीने आणि हात न दाबता, गावाचे नाव, साल, गाडी कोणती ते, आणि माणसांची नावे लिहा. कडेला अर्धा आलेला कोणी असेल तर त्याचेही नाव लिहा. नाव कळत नसेल तर तो काय काम करीत होता ते लिहा, आणि त्याच्या दंडावर बिल्ला असेल व आकडा वाचता येत असेल, तर तो आकडासुद्धा लिहा.